पाठीचा कणा आणि यंत्राचा हात



'रोबॉट' हा शब्द आतां आपल्या घरांतील लहान मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. त्याचा जन्म मात्र कारखान्यांत झाला नाहीं. तो नाटकांत झाला. झेक नाटककार कारेल चापेक याचें 'आर. यू. आर.' हें नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील कृत्रिम मजुरांना हें नांव मिळालें. झेक भाषेंतील 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. असा हा वेठीचा गडी शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं येऊन उभा राहिला आहे असें ऐकलें म्हणजे सामान्य माणसाच्या मनांत दोन कल्पना येतात. एक अशी कीं, आतां चूक म्हणून होणेंच नाहीं, कारण यंत्राचा हात कांपत नाहीं. दुसरी अशी कीं, आपली पाठ उघडी करून ती एका निर्जीव यंत्राच्या स्वाधीन करावयाची, म्हणजे जिवावरचाच प्रसंग! या दोन्ही कल्पना वस्तुस्थितीपासून दूर आहेत. पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेंत हें यंत्र नेमकें काय करतें, त्याचें क्षेत्र कसें वाढत चाललें आहे आणि त्याची मर्यादा कोठें आहे, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम कण्याकडे पाहूं. कणा हा एक सलग दांडा नाहीं. ती एकावर एक रचलेल्या मण्यांची माळ आहे. मानेंत ७, छातीच्या मागें १२ आणि कमरेंत ५ असे २४ सुटे मणके, व त्यांच्या खालीं एकजीव झालेलें त्रिकास्थि आणि माकडहाड. दोन मणक्यांच्या मध्यें कूर्चेची चकती असते. तिच्या योगानें आपण वांकतों, वळतों, आणि जिना उतरतांना बसणारा हादरा डोक्यापर्यंत पोंचत नाहीं. या माळेच्या पोकळींतून मज्जारज्जु मेंदूपासून खालीं उतरतो. प्रौढ माणसांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो, व तेथून पुढें मज्जातंतूंचा एक झुपका लोंबत राहतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनीं त्याला 'घोड्याचें शेपूट' असें नांव देऊन ठेविलें आहे. पाऊल उचलणें, हाताची मूठ वळणें, लघवी रोखून धरणें, या सर्व आज्ञा याच वाटेनें जातात. मणक्यांच्या पुढल्या अंगास शरीराची मुख्य रोहिणी लागून असते. म्हणजे कण्यावर काम करणाऱ्या शस्त्रवैद्याला एका बाजूस मज्जारज्जु व दुसऱ्या बाजूस रोहिणी, अशा दोन ठेव्यांच्या मध्यें हत्यार चालवावें लागतें.

यामुळेंच फार प्राचीन काळापासून वैद्य कण्याला हात लावण्यास कचरत आले. एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखला जाणारा सुमारें ३५०० वर्षांपूर्वींचा एक मिसरी पपायरस आहे. त्यांत मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याचें वर्णन येतें, आणि हा विकार उपचार करण्याजोगा नव्हे असा निकालहि येतो. १७७९ सालीं पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें कण्याला बांक आणणाऱ्या व पाय लुळे पाडणाऱ्या एका रोगाचें वर्णन केलें. तो मणक्यांचा क्षय होता हें पुढें कळलें. आपल्या देशांत हा रोग आजहि आढळतो. १९११ सालीं न्यूयॉर्कमध्यें रसेल हिब्ज व फ्रेड आल्बी या दोघां शस्त्रवैद्यांनीं असे किडलेले मणके हाडाच्या कलमानें एकमेकांस जोडण्याच्या रीति प्रसिद्ध केल्या. झाडाचें कलम बांधतात त्यासारखाच हा प्रकार. परंतु कलम जीव धरीपर्यंत बांधलेली फांदी हलतां कामा नये, तशी जोडलेलीं हाडेंहि हलतां कामा नयेत. आणि श्वासोच्छ्वासाबरोबर सदैव हलणाऱ्या कण्याला महिनोन्‌महिने स्थिर ठेवावयाचें कसें?

या प्रश्नाचें उत्तर धातूनें दिलें. अमेरिकेंत ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत, पोलिओमुळें वांकड्या झालेल्या मुलांच्या कण्यांसाठीं पोलादी सळई व आंकडे वापरण्यास प्रारंभ केला. पुढें १९६३ सालीं पॅरिस येथील रेमों रुआ-कामी यांनीं मणक्यांतच स्क्रू बसवून त्यांच्या आधारानें पट्टी जोडण्याची युक्ति योजिली. आज जगांत कणा स्थिर करण्याच्या ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांतील बहुसंख्य या स्क्रूंच्याच आधारावर उभ्या आहेत. आणि आपल्या विषयाची खरी गांठ या स्क्रूपाशींच आहे.

मणक्याचा पुढचा भाग गोल व भरीव असतो. मागचा भाग कमानीसारखा असतो. या दोहोंना जोडणारे, उजवीकडे एक व डावीकडे एक, असे हाडाचे दोन आंखूड देठ असतात. इंग्रजींत त्यांस 'पेडिकल' म्हणतात. स्क्रू मागून शिरवावयाचा, तो या देठाच्या पोटांतून पुढें न्यावयाचा आणि मणक्याच्या भरीव भागांत पक्का करावयाचा. कमरेच्या शेवटच्या मणक्यांत या देठाची रुंदी १५ मिलिमीटरच्या आसपास असते. पण छातीच्या मध्यभागीं ती सुमारें ४ ते ५ मिलिमीटरच भरते. देठाच्या आंतल्या भिंतीला लागून मज्जारज्जु, खालच्या कडेला लागून बाहेर पडणारा मज्जातंतु. स्क्रू आंत घसरला तर पाय लुळा पडण्याची भीति, खालीं घसरला तर पायांत असह्य कळ, आणि फार पुढें गेला तर रोहिणीस धोका. शिवाय प्रत्येक मणक्याचा कल निराळा, आणि वांकड्या झालेल्या कण्यांत तर तो आपल्या जागीं पिळवटून गेलेला असतो. शस्त्रवैद्याच्या डोळ्यांना दिसते ती मणक्याची पाठ तेवढी; त्याचें पोट त्याला मनानेंच पाहावें लागतें. भिंतीच्या आंतून गेलेली विजेची तार कोठें आहे हें न दिसतां त्या भिंतींत खिळा ठोकावयाचा, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें तार तुटली तर ती पुन्हां जोडतां येत नाहीं.

अनुभवी शस्त्रवैद्य हें काम हाताच्या स्पर्शावर करीत आले आहेत. हाडाच्या खुणा ओळखून ते प्रवेशाची जागा ठरवितात; बोथट शलाका हळूहळू आंत सारतात; आंतला मऊ भाग व कडेची कठीण भिंत यांतील भेद बोटांना जाणवतो. त्यांच्या साहाय्यास क्ष-किरण आले. विल्हेल्म राँटगेन यांस १८९५ सालीं या किरणांचा शोध लागला, आणि पुढें शस्त्रक्रिया चालू असतांनाच पडद्यावर हाडांची छाया पाहण्याची सोय झाली. या सोयीला किंमत मात्र द्यावी लागते. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा या किरणांच्या मार्‍यानें भाजून, हात गमावून १९०४ सालीं मरण पावला. आजचीं यंत्रें त्या काळच्या मानानें पुष्कळच निर्धोक आहेत. तथापि दररोज शिशाचा जड अंगरखा चढवून वर्षानुवर्षें किरणांजवळ उभें राहणाऱ्या शस्त्रवैद्याच्या व परिचारिकेच्या शरीरांत त्यांचा अंश सांचतच राहतो. शिवाय छाया ती छाया. तिला लांबी-रुंदी असते, पण खोली नसते. ही उणीव १९७१ सालापासून सी. टी. स्कॅननें भरून काढली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्रानें शरीराचे जणूं पातळ काप घेऊन त्यांचें चित्र दाखविलें, आणि ते काप एकावर एक रचून मणक्याची सर्व बाजूंनीं पाहतां येईल अशी मूर्ति संगणकाच्या पडद्यावर उभी करणें शक्य झालें.

आतां प्रश्न उरला तो एवढाच: पडद्यावरील मूर्तींत जी वाट आंखली, तीच वाट मेजावरील जिवंत माणसाच्या पाठींत बिनचूक कशी उतरवावयाची? रोबॉट येतो तो येथें.

शस्त्रक्रियेच्या दालनांत यंत्राचा बाहु पहिल्यानें आला तो १९८५ सालीं, कॅलिफोर्नियांत. 'पूमा' नांवाच्या कारखान्यांतील एका यांत्रिक बाहूचा उपयोग करून मेंदूंतील गांठीचा नमुना काढण्यासाठीं सुई अचूक जागीं धरण्यांत आली. १९९२ सालीं 'रोबोडॉक' या यंत्रानें खुब्याच्या सांध्यासाठीं मांडीच्या हाडांत पोकळी कोरून दाखविली. पोटांतील शस्त्रक्रियांत वापरलें जाणारें 'दा विंची' हें यंत्र पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. अमेरिकेंत त्यास २००० सालीं सर्वसाधारण मान्यता मिळाली. त्यांत शस्त्रवैद्य थोडा दूर बसून आपल्या हातांच्या हालचाली यंत्राच्या हातांकरवीं करवितो. कण्यावरील रोबॉट यांहून निराळ्या जातीचा आहे. तो स्वतः हाड कोरीत सुटत नाहीं, किंवा शस्त्रवैद्याच्या हातांची नक्कलहि करीत नाहीं. तो जागा दाखवितो आणि ती धरून ठेवतो. कागदावर रेघ ओढतांना आपण पट्टी लावतों. रेघ हातच ओढतो, पण ती वांकडी जाऊं नये याची काळजी पट्टी घेते. कण्यावरील रोबॉट ही अशी एक अतिशय हुशार पट्टी होय.

या जातीचें पहिलें यंत्र इस्रायलमध्यें तयार झालें. तेथील टेक्नियन या संस्थेंतील प्राध्यापक मोशे शोहाम यांच्या संशोधनांतून 'मेझर' ही कंपनी निघाली, आणि तिच्या 'स्पाइनअसिस्ट' या यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००४ सालीं परवानगी दिली. यंत्र म्हटलें कीं डोळ्यांपुढें अवाढव्य सांगाडा उभा राहतो. पण हें शीतपेयाच्या डब्याएवढें होतें. सहा लहान दांड्यांवर त्याचा माथा हवा तसा कलत असे, व तें रोग्याच्या हाडाला जोडलेल्या चौकटीवरच बसविलें जाई. पुढें याच कंपनीचीं २०११ सालीं 'रेनेसान्स' व २०१६ सालीं 'मेझर एक्स' हीं यंत्रें आलीं. फ्रान्समधील 'रोझा' यंत्राच्या कण्यासाठींच्या आवृत्तीस अमेरिकेंत २०१६ सालीं, तर 'एक्सेलसियस जी. पी. एस.' या यंत्रास २०१७ सालीं परवानगी मिळाली. २०१८ च्या अखेरीस मेडट्रॉनिक या मोठ्या अमेरिकन कंपनीनें मेझर कंपनी विकत घेतली. एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेंतील कल्पना अठरा-वीस वर्षांत मोठ्या व्यापाराचा विषय झाली, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याचें कारण पुढें सांगतों.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. शस्त्रक्रियेच्या आधीं, किंवा मेजावरच, रोग्याचा स्कॅन काढतात. शस्त्रवैद्य पडद्यावर एकेक मणका फिरवून पाहतो, आणि कोणत्या मणक्यांत किती जाडीचा, किती लांबीचा स्क्रू कोणत्या कलानें घालावयाचा याचा आराखडा ठरवितो. हा आराखडा शस्त्रवैद्याचा असतो, हें विसरूं नये. नंतर नकाशा व जमीन यांचा मेळ घालावा लागतो. जमिनीचा मोजणीदार जसा आधीं हद्दीचा दगड शोधतो व त्यापासून सारीं मापें धरतो, तशीच रोग्याच्या हाडाला एक खूण घट्ट बसवितात, आणि मेजावर घेतलेलीं क्ष-किरण चित्रें स्कॅनशीं जुळवून संगणक हिशेब करतो. मग यंत्राचा बाहु ठरलेल्या मणक्यावर येऊन ठरलेल्या कलांत थांबतो. त्याच्या टोंकाला एक नळी असते. या नळींतून शस्त्रवैद्य आपल्या हातानें हाडाला भोंक पाडतो व स्क्रू बसवितो. बाहु कंटाळत नाहीं, थकत नाहीं. सकाळच्या पहिल्या रोग्याच्या वेळीं तो जितका स्थिर, तितकाच दुपारच्या तिसऱ्याच्या वेळीं.

प्रारंभीं या यंत्रांचें काम कमरेच्या व छातीच्या मणक्यांत स्क्रू बसविण्यापुरतें होतें. आतां तें चोहों बाजूंनीं पसरत आहे. वांकड्या कण्याच्या मुलांत, जेथें प्रत्येक मणक्याची दिशा वेगळी असते, तेथें साऱ्या कण्याचा आराखडा आधींच मांडून पाहतां येतो. कणा फार खालपर्यंत बांधावा लागतो तेव्हां त्रिकास्थींतून कमरेच्या रुंद हाडांत जाणारे लांब स्क्रू याच मार्गदर्शनानें घालतात. एकदां शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या पाठींत हाडाच्या नेहमींच्या खुणा पुसून गेलेल्या असतात. तेथें नकाशाचा आधार विशेष मोलाचा ठरतो. मोठा छेद न घेतां कातडीला लहान छेद देऊन काम करण्याची जी पद्धत रूढ होत आहे, तिला तर असा वाटाड्या फारच उपयोगी. स्नायु कमी कापले जातात व रोगी लवकर उठून बसतो. रोग्याला कुशीवर निजवून, त्याच अवस्थेंत चकतीच्या जागीं आधार बसविणें व पाठीमागून स्क्रू घालणें, हेंहि आतां करतात. पूर्वीं यासाठीं भूल दिलेल्या रोग्याला मध्येंच पालथा करावा लागे. मणक्यांतील संशयास्पद गांठीचा नमुना काढणें, ठिसूळ होऊन चेपलेल्या मणक्यांत सिमेंट भरणें, मानेच्या मणक्यांत, जेथें मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अगदीं शेजारीं असतात तेथें, स्क्रू घालणें, अशींहि कामें त्याच्याकडे आलीं आहेत. हाड कोरून दबलेला तंतु मोकळा करण्याचें कामहि यंत्राच्या साहाय्यानें व्हावें यासाठीं प्रयोग चालू आहेत. परंतु तेथें चुकीला जागाच नसल्यामुळें पाऊल सावध पडत आहे. चीनमध्यें २०१९ सालीं बीजिंग येथील जिशुइतान रुग्णालयाचे त्यान वेइ यांनीं दूरच्या शहरांतील रोग्यांच्या शस्त्रक्रियांत तेथील यंत्रांचें मार्गदर्शन बीजिंगमध्यें बसून केलें. रोग्याजवळ अर्थातच तेथील शस्त्रवैद्य उभे होते.

एवढें ऐकल्यावर श्रोते विचारतील, कीं मग हें यंत्र हातापेक्षां खरोखरच अधिक अचूक आहे काय? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर दोन परीक्षांतून मिळतें. जर्मनींत ६० रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वांटणी करून एक तुलना करण्यांत आली व ती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. कमरेच्या व त्रिकास्थीच्या भागांत एकूण २९८ स्क्रू बसविले. हातानें बसविलेल्या स्क्रूंपैकीं शेंकडा ९३ समाधानकारक जागीं होते. यंत्राच्या साहाय्यानें बसविलेल्यांपैकीं शेंकडा ८५. म्हणजे यंत्र हरलें! आतां दुसरी परीक्षा. बीजिंगमध्यें चिनी बनावटीचें 'टीरोबॉट' हें यंत्र वापरून २३४ रोग्यांत १११६ स्क्रूंची तुलना केली. ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत हाडाबाहेर मुळींच न गेलेल्या स्क्रूंचें प्रमाण यंत्राच्या बाजूस शेंकडा ९५.३ भरलें, तर केवळ क्ष-किरणांच्या आधारानें बसविलेल्यांत ८६.१. येथें यंत्र जिंकलें.

हे दोन निकाल परस्परविरोधी दिसतात. पण तसे ते नाहींत. यंत्रें निराळीं, मोजण्याच्या कसोट्या निराळ्या, आणि मधल्या काळांत यंत्रांतहि सुधारणा झालेली. पहिल्या परीक्षेंत दोन मिलिमीटरपर्यंत बाहेर डोकावलेला स्क्रूहि समाधानकारक धरला होता. दुसऱ्या परीक्षेंतील जो आंकडा मी सांगितला, तो पूर्णपणें आंत राहिलेल्या स्क्रूंचा आहे. परंतु पहिल्या परीक्षेंतील पराभवाचें जें कारण संशोधकांना दिसलें, तें फार बोधप्रद आहे. नळी बरोबर जागीं होती, पण हाडाचा पृष्ठभाग तेथें उतरता होता. सुतारानें उतरत्या फळीवर गिरमिट धरलें तर त्याचें टोंक फळींत शिरण्याऐवजीं घसरूं लागतें. तसेंच येथें घडलें. हातानें काम करणाऱ्या शस्त्रवैद्याच्या बोटांना ही घसरण जाणवते व तो हात सांवरतो. नळींतून काम करणाऱ्यास ती कळेलच असें नाहीं. आणि यंत्राला तर आपण बरोबरच आहों असें वाटत असतें. याच कारणानें दुसरेंहि एक भय राहतें. हाडाला बसविलेली खूण कोणाच्या कोपराचा धक्का लागून किंचित् हलली, तर नकाशा व जमीन यांचा मेळ तुटतो. पडद्यावरचें चित्र मात्र पूर्वींइतकेंच स्वच्छ व खात्रीचें दिसत राहतें. हातचुकीपेक्षां ही चूक अधिक फसवी. कारण हाताला शंका येते, यंत्राला ती येत नाहीं. पुढच्या यंत्रांत याविरुद्ध पुष्कळ योजना झाल्या आहेत, तरीहि मधूनमधून ताडून पाहण्याचें काम माणसाकडेच राहिलें आहे.

सुश्रुतसंहितेंत यंत्रांची संख्या १०१ सांगितली आहे, आणि त्या सर्वांत हात हें प्रधान यंत्र मानलें आहे. कारण बाकीचीं सारीं यंत्रें हाताच्या अधीन. पुष्कळांना हा विचार आतां जुना झाला असें वाटेल. मला तो आज अधिकच खरा वाटतो. यंत्र जितकें शहाणें होईल, तितका त्याला ताब्यांत ठेवणारा हात अधिक शिकलेला हवा. आणि येथेंच एक खरी काळजी उभी राहते. आजचे ज्येष्ठ शस्त्रवैद्य हाताच्या स्पर्शावर वाढले. यंत्रानें दगा दिला तर ते यंत्र बाजूस सारून काम पुरें करूं शकतात. पण जो तरुण पहिल्या दिवसापासून नळींतूनच स्क्रू घालावयास शिकला, त्याच्या बोटांना ती ओळख कोण करून देणार? म्हणून यंत्र घेणाऱ्या प्रत्येक शिक्षण-रुग्णालयानें विद्यार्थ्याला आधीं हातानें व मग यंत्रानें शिकविण्याचा नियम ठेवावा, असें मला आग्रहानें वाटतें.

दुसरी गोष्ट पैशाची. या यंत्रांची किंमत कोट्यवधि रुपयांच्या घरांत जाते. शिवाय दरवर्षींची देखभाल व प्रत्येक शस्त्रक्रियेस लागणारे टाकाऊ भाग यांचा खर्च निराळा. एवढें भांडवल गुंतविणाऱ्या रुग्णालयाला यंत्र रिकामें ठेवणें परवडत नाहीं. मघाशीं व्यापाराचा उल्लेख केला तो याचसाठीं. ज्याला शस्त्रक्रियेची गरज नाहीं अशा रोग्यालाहि यंत्राची जाहिरात मेजापर्यंत ओढून नेईल कीं काय, ही भीति निराधार नाहीं. कमरेचें बहुतेक दुखणें कांहीं आठवड्यांत औषध, व्यायाम व हिंडणें-फिरणें यांनीं आपोआप कमी होतें. स्क्रू अगदीं अचूक बसला, पण तो बसविण्याचेंच कारण नव्हतें, तर त्या अचूकपणाचा रोग्याला काय उपयोग? स्क्रू कोठें घालावा हें यंत्र दाखवितें. तो घालावा कीं नाहीं, हें यंत्राला विचारतां येत नाहीं. एखादा स्क्रू दोन मिलिमीटर आंत आहे कीं बाहेर, याची फिकीर संशोधकाला. रोग्याला हवें असतें तें वेगळें: रात्रीं झोंप लागावी, बाजारापर्यंत चालतां यावें, नातवंडाला उचलून घेतां यावें. अचूक स्क्रूमुळें हीं सुखें तितक्याच प्रमाणांत वाढतात असें अजून सिद्ध झालेलें नाहीं.

म्हणून ज्या घरांत कण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न निघाला असेल, त्या घरच्या मंडळींनीं शस्त्रवैद्याला तीन-चार गोष्टी मोकळेपणानें विचाराव्या. पहिली, शस्त्रक्रियेवांचून दुसरा उपाय पुरेसा करून पाहिला आहे काय? दुसरी, न केल्यास काय होईल? तिसरी, हें यंत्र आपण किती दिवस वापरीत आहां, आणि आज तें मध्येंच बंद पडलें तर पुढें काय करणार? या प्रश्नाचें शांत व सरळ उत्तर देणारा शस्त्रवैद्य विश्वासास पात्र समजावा. चौथी, यंत्रामुळें खर्च किती वाढतो, आणि माझ्या विशिष्ट दुखण्यांत त्याचा कोणता लाभ? वांकडा कणा, पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली पाठ, अरुंद देठाचे मणके अशा ठिकाणीं हा लाभ मोठा असूं शकतो. साध्या एक-दोन मणक्यांच्या कामांत तो अल्प असेल, आणि अनुभवी हात तेथें तितकाच भरंवशाचा ठरेल. ज्या गांवीं असें यंत्र नाहीं, तेथील रोग्यानें आपण कांहीं मोठ्या उपचाराला मुकलों असें मानण्याचें कारण नाहीं.

एक इशारा मात्र सर्वांसाठीं. पाय दिवसेंदिवस अशक्त होत असेल, बैठकीच्या जागेची संवेदना जात असेल, लघवी वा शौच यांवरील ताबा सुटत असेल, तर यंत्र कोठें आहे याची चौकशी करीत बसूं नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयांत त्याच दिवशीं जावें. दबलेला तंतु फार वेळ वाट पाहत नाहीं.

चापेकच्या नाटकांतील कृत्रिम मजूर शेवटीं आपल्या धन्यांवर उलटले. शस्त्रक्रियेच्या दालनांतील हा गडी उलटणार नाहीं. त्याला स्वतःचें मनच नाहीं. पण जो आळसानें त्याच्यावर सारा भार टाकील, त्याला तो सावधहि करणार नाहीं. त्याच्याकडून स्थिरपणा घ्यावा, मोजमाप घ्यावें. शंका, विचार आणि जबाबदारी हीं माणसानें आपल्याकडेच ठेवावीं.